विश्लेषण : गाडीच्या फायबर पॅनेलचा तडा घरच्या घरी दुरुस्त करता येतो का?

जुन्या जीपवर बसवून घेतलेले फायबरचे छत, खासगी बसचा दर्शनी भाग, टेम्पोचा बाजारातून आणलेला बंपर किंवा हौसेने जपलेल्या जुन्या मोटारीचे बॉनेट. यांपैकी कशालाही तडा गेला की गॅरेजमध्ये बहुतेकदा एकच उत्तर मिळते : ‘लांबी भरून रंग मारून देतो.’ काही महिन्यांनी तोच तडा त्याच जागी नव्या रंगातून डोके वर काढतो. दुसऱ्यांदा पैसे मोजण्यापेक्षा मॅट, रेझिन आणि हार्डनर आणून आपणच करून पाहावे, असे अनेक गाडीमालकांना वाटते. हे काम घरी जमण्यासारखे आहे. पण ते रंगाचे काम नाही, जोडकाम आहे. हा फरक लक्षात न आल्यानेच बहुतेक दुरुस्त्या फसतात. शिवाय या कामातील एक चूक थेट डोळ्यावर बेतू शकते.

पॅनेल फायबरचेच आहे, हे कसे ओळखायचे?

बोलीभाषेत कोणत्याही बिगर-पत्र्याच्या भागाला ‘फायबर’ म्हटले जाते. गोंधळाची सुरुवात इथूनच होते. कारखान्यातून येणाऱ्या आजच्या बहुतेक मोटारींचे बंपर फायबरचे नसून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात. काही भाग एबीएसचे असतात. हे प्लास्टिक उष्णतेने मऊ होते आणि त्याला प्लास्टिक वेल्डिंग करता येते. फायबरग्लास म्हणजे काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. हे रेझिन एकदा कडक झाले की पुन्हा वितळत नाही. त्यामुळे ते गरम करून सरळ करणे किंवा वेल्ड करणे शक्य नसते.

ओळखण्याची सोपी जागा म्हणजे पॅनेलची मागची बाजू. हाताने घडवलेल्या फायबरची मागची बाजू खडबडीत असते आणि तिच्यात काचेच्या तंतूंची विस्कटलेली जाळी दिसते. प्लास्टिकच्या भागाची मागची बाजू गुळगुळीत असते आणि तिथे बहुधा पीपी किंवा एबीएस अशी अक्षरे उठवलेली असतात. पॉलिप्रॉपिलीनवर पॉलिस्टर रेझिन चिकटत नाही. त्यावर मॅट लावली, तर ती काही दिवसांत पापुद्र्यासारखी सुटते.

तिसरा प्रकार एसएमसीचा. यात तंतू आणि रेझिनची तयार चादर तापलेल्या साच्यात प्रचंड दाबाखाली दाबतात. त्यामुळे दोन्ही बाजू गुळगुळीत येतात, पण तुटलेल्या कडेला तंतू दिसतात. त्यातील साचा सोडवणाऱ्या घटकांमुळे साधे पॉलिस्टर रेझिन त्यावर नीट धरत नाही. तिथे एपॉक्सीच लागते. अमेरिकेतील शेवरले कॉर्वेट या मोटारीच्या बाबतीत हा बदल प्रसिद्ध आहे. १९५३ मध्ये तिच्या पहिल्या ३०० गाड्यांची फायबरची बॉडी हाताने घडवली होती. सत्तरच्या दशकात कंपनी एसएमसीकडे वळली. त्यामुळे एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या गाडीला दुरुस्तीचे साहित्य वेगळे लागते. भारतात सनराइजची तीनचाकी बादल आणि नंतरची सिपानी डॉल्फिन यांची बॉडी फायबरची होती. या गाड्यांचे सुटे पॅनेल आता बाजारात मिळणे अवघड, म्हणून आहे ते सांधण्यावाचून त्यांच्या मालकांना गत्यंतर नसते.

भरलेला तडा पुन्हा का उघडतो?

फायबरच्या पॅनेलची ताकद रेझिनमध्ये नसते, ती तंतूंमध्ये असते. रेझिन तंतूंना जागेवर धरते आणि एका तंतूवरचा ताण शेजारच्या तंतूकडे पोहोचवते. तडा आरपार गेला म्हणजे तिथले तंतू तुटले. आता त्या फटीत लांबी, दोन रंगांची मळून लावायची एपॉक्सी पुट्टी किंवा नुसते रेझिन भरले, तर फट बुजते. मात्र तुटलेल्या तंतूंच्या दोन टोकांमध्ये ताण नेणारे काहीच नसते. बॉनेट आपटले, गाडी खड्ड्यात गेली, उन्हात पॅनेल फुगले की सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. लांबीत तंतू नसतात, ती ताण सहन करत नाही. रंगावर केसाएवढी रेष उमटते, तिच्यातून पाणी शिरते आणि मग कडा उचलू लागतात.

यावर उपाय एकच : तड्याच्या दोन्ही बाजूंना उतार देऊन पॅनेल घासायचे आणि त्या उतारावर नवे तंतू पसरायचे. ताण जुन्या तंतूंकडून नव्यांकडे चिकटलेल्या पृष्ठभागातून जातो. म्हणून पृष्ठभाग जितका रुंद, तितका सांधा पक्का. भार पेलणाऱ्या जोडासाठी, विशेषतः बोटींच्या कामात, जाडीच्या १२ पट उतार हे प्रमाण रूढ आहे. पॅनेल ३ मिलिमीटर जाड असेल, तर प्रत्येक बाजूला ३६ मिलिमीटर. म्हणजे केसाएवढ्या तड्यासाठी सात सेंटीमीटरहून रुंद पट्टा घासायचा. चांगला रंग असलेले बॉनेट इतके खरवडायला कोणाचाही हात धजावत नाही. दुरुस्ती फसते ती इथे. ज्या पॅनेलवर भार येत नाही, तिथे उतार थोडा कमी चालतो. पण बोटभर रुंदीच्या पट्ट्यावर मॅट चिकटवून भागवणे म्हणजे लांबीचीच जाड आवृत्ती.

मागून ॲल्युमिनियमची पट्टी लावून रिव्हेट ठोकणे हा आणखी एक लोकप्रिय उपाय. रिव्हेटचे प्रत्येक भोक हे नव्या तड्याचे आमंत्रण असते आणि धातू व फायबर उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. तात्पुरते घर गाठण्यापुरता तो ठीक आहे.

प्रत्येक रेष आरपार तडा नसते, हेही खरे. बाहेरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट. तो ठिसूळ असतो आणि मागून धक्का बसला की त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. खात्री करण्यासाठी अंगठ्याने दाबून पाहावे. कडा एकमेकींवर हलल्या, तर तडा खोल आहे. ॲसिटोनचे फडके फिरवल्यावर बाकी पृष्ठभाग क्षणात सुकतो, तडा मात्र काही वेळ ओला आणि गडद राहतो. त्यामुळे तो नेमका कुठवर गेला आहे तेही कळते. आजूबाजूला नाण्याने ठोकत गेल्यास जिथे आवाज टणटणीत न येता बद्द येतो, तिथे आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात. तो भागही कापून काढावा लागतो.

दुरुस्तीचा क्रम काय?

घासण्याआधी धुवायचे, हा पहिला नियम आणि तोच सर्वाधिक मोडला जातो. गाडीवर पॉलिश, मेण, सिलिकॉन बसलेले असते. तसेच ग्राइंडर चालवला, तर ते सगळे नव्याने उघडलेल्या तंतूंमध्ये दाबले जाते आणि नंतर कितीही पुसले तरी निघत नाही. आधी साबणाने धुवावे, सुकल्यावर मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसावे आणि मगच घासावे. रंग काढण्यासाठी पत्र्यावर वापरतात ती रासायनिक पेस्ट इथे वापरू नये. ती रेझिनलाही खाते.

तड्याच्या टोकाला तीनेक मिलिमीटरचे भोक पाडल्यास तो पुढे सरकत नाही. त्यानंतर ३६ किंवा ४० नंबरच्या जाड पॉलिश पेपरने उतार काढायचा. पृष्ठभाग दुधी, खरबरीत दिसला पाहिजे. चकाकी उरली असेल तिथे रेझिन धरणार नाही. शक्य असेल तर मुख्य जोड मागच्या बाजूने द्यावा. पुढून चिकटपट्टी लावून पॅनेल मूळ आकारात धरायचे, मागून थर द्यायचे आणि ते कडक झाल्यावर पुढचा उथळ भाग भरायचा. भोकच पडले असेल, तर पुठ्ठ्यावर खोके बंद करण्याची तपकिरी टेप लावून तो मागे आधाराला ठेवता येतो. त्या टेपला रेझिन चिकटत नाही. थर कडक झाल्यावर पुठ्ठा सहज निघतो.

साहित्याचा हिशेब सोपा आहे. घरगुती कामाला ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटरची मॅट पुरते. तिचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागते. २० बाय १० सेंटीमीटरच्या तीन तुकड्यांचे वजन २७ ग्रॅम भरते, म्हणजे रेझिन ७० ग्रॅमच्या आत-बाहेर. सांडलवंड धरून १०० ग्रॅम कालवले तरी पुष्कळ. नवखा माणूस इथे हमखास अर्धा लिटर कालवतो आणि तिसरा थर देईपर्यंत डब्यात दगड झालेला असतो. रेझिन कडक होताना स्वतःच तापते. डब्यात जितका साठा मोठा, तितके ते जास्त तापते, प्रसंगी धूर येतो.

थर लहानापासून मोठा द्यायचा की मोठ्यापासून लहान, यावर कारागिरांत एकमत नाही. मोठा तुकडा आधी लावण्यामागचा तर्क पटणारा आहे : पहिला थर पूर्ण उताराला चिकटतो आणि नंतर पृष्ठभाग सपाट घासताना सर्वात महत्त्वाचा तुकडा कापला जात नाही. तुकडे कात्रीने सरळ कापण्यापेक्षा कडा हाताने फाडल्या, तर त्या विरळ होतात आणि जोड दिसत नाही. आधी पृष्ठभागावर रेझिनचा हात, त्यावर मॅट, मग ब्रशने टोचत टोचत हवा बाहेर काढायची. ब्रश रंगासारखा ओढला, तर मॅट सोबत येते. पांढरे ठिपके म्हणजे अडकलेली हवा किंवा कोरडी राहिलेली काच. मॅट पूर्ण पारदर्शक झाली की पुरे. त्यावर आणखी रेझिन ओतल्याने ताकद वाढत नाही, ठिसूळपणा वाढतो.

एपॉक्सी वापरायची असेल, तर साधी मॅट घेऊ नये. मॅटमधील तंतू ज्या बांधणीने एकत्र धरलेले असतात, ती पॉलिस्टर रेझिनमधील स्टायरीनमध्ये विरघळते. एपॉक्सीत स्टायरीन नसल्याने मॅट ताठच राहते आणि वळणावर बसत नाही. तिथे विणलेले काचेचे कापड लागते. शिवाय जुन्या पॉलिस्टरवर एपॉक्सी चांगली धरते, पण एपॉक्सीवर पॉलिस्टरचा भरवसा नसतो. एकदा एपॉक्सीकडे वळल्यावर त्या जागी मागे फिरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हात लावला आणि पृष्ठभाग चिकट लागला, तर काम बिघडले असे समजून अनेक जण घाबरतात. हवेतील ऑक्सिजनमुळे साध्या पॉलिस्टर रेझिनचा सर्वात वरचा थर पूर्ण कडक होत नाही. पुढचा थर द्यायचा असेल, तर हा चिकटपणा उपयोगीच पडतो. शेवटच्या थरावर प्लास्टिकचा कागद अंथरून हवा बंद केली की प्रश्न मिटतो. मात्र आतपर्यंत मऊपणा असेल, नख रुतत असेल, तर हार्डनर कमी पडले किंवा नीट ढवळले गेले नाही. तो थर खरवडून काढावाच लागतो, वरून हार्डनर चोपडून तो कडक होत नाही.

लांबीची पाळी यानंतर येते, तीही पातळ हाताने. रंगाची घाई करू नये. पॉलिस्टर रेझिन कडक होताना आकसते आणि ही क्रिया काही दिवस चालू राहते. लगेच रंग दिला, तर महिनाभराने चकचकीत रंगातून मॅटची जाळी आणि ठिगळाची कड दिसू लागते. प्रायमर देण्याआधी पॅनेल आठवडाभर तरी उन्हात राहू द्यावे.

हार्डनरची बाटली इतकी धोकादायक का?

दुकानात रेझिनसोबत दोन छोट्या बाटल्या मिळू शकतात. एका बाटलीत जांभळट रंगाचे कोबाल्टचे अ‍ॅक्सिलरेटर असते, दुसऱ्यात पाण्यासारखे दिसणारे हार्डनर, म्हणजे एमईकेपी हे पेरॉक्साइड. हे दोन द्रव थेट एकमेकांत मिसळले, तर जोरदार अभिक्रिया होऊन आग किंवा स्फोट होऊ शकतो. म्हणून आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, त्यानंतरच हार्डनर घालायचे. दोन्हींसाठी एकच सिरिंज किंवा एकच झाकण वापरू नये. कोबाल्ट आधीच मिसळलेले रेझिन मिळत असेल, तर घरगुती कामासाठी तेच घ्यावे. थोडे महाग पडले तरी एक बाटली आणि एक जोखीम कमी होते.

हार्डनरचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के, म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला एक ते दोन मिलिलिटर. ते अंदाजे ओतू नये, सुई नसलेल्या सिरिंजने मोजावे. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात एक टक्का पुरतो. काम करायला जास्त वेळ मिळावा म्हणून त्याहून कमी घातले, तर रेझिन कधीच पूर्ण पिकत नाही. वेळ हवा असेल तर सकाळी, सावलीत आणि थोडे थोडे कालवणे हाच मार्ग आहे.

एमईकेपीचा थेंब डोळ्यात उडाला, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. दवाखान्यात नेण्याआधी जागेवरच डोळा वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धरावा लागतो. बंद बाजूंचा चष्मा घालणे आणि पाण्याची बादली हाताशी ठेवणे या दोन गोष्टी रेझिनचा डबा उघडण्याआधी व्हायला हव्यात.

रेझिनचा उग्र वास स्टायरीनचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘माणसात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात टाकले. एका ठिगळाने कोणी आजारी पडत नाही; पण बंद गॅरेजमध्ये डोके जड होते, मळमळते. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. स्टायरीनच्या वाफा साधारण ३१ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतक्या तयार होतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतही तापमान याच्या वर असते. त्यामुळे स्वयंपाकघराला लागून असलेली बाल्कनी किंवा देवघरात दिवा तेवत असलेली खोली ही या कामाची जागा नाही. उरलेले रेझिन आणि माखलेली फडकी कचऱ्याच्या डब्यात कोंबू नयेत. उघड्यावर पसरून ती पूर्ण कडक आणि थंड होऊ द्यावीत.

घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजवते. पूर्ण बाह्यांचे कपडे, मनगटाशी टेप लावलेले हातमोजे आणि काम संपल्यावर गार पाण्याने अंघोळ, एवढे पुरेसे असते. ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नयेत.

पावसाळ्यात काम करावे का?

टाळता आले तर टाळावे. मॅट हवेतील ओलावा धरते, तड्याच्या उघड्या तंतूंमध्येही पाणी मुरलेले असते. ओल्या तंतूंवर रेझिन नीट धरत नाही, थर दुधी दिसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात रंगाखाली फोड येतात. कोकण किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांमुळे मॅट आणि रेझिन मिळणे सोपे आहे, पण ओल्या हवेचा त्रासही तिथेच जास्त. पावसात थांबणे शक्य नसेल, तर पॅनेल काढून घरात दोन-तीन दिवस पंख्याखाली सुकवावे. मॅट प्लास्टिकच्या बंद पिशवीतच ठेवावी.

कोणती दुरुस्ती घरी करू नये?

फेंडरची कड, बंपरचा कोपरा, छताच्या मधोमध गेलेला तडा, हे घरचे काम. बॉनेटच्या बिजागऱ्या आणि खटका जिथे बसतो, तिथे मात्र हात घालू नये. वेगात असताना खटक्याची जागा फाटली, तर बॉनेट उघडून काचेवर आदळते. बाजारातून घेतलेल्या हलक्या फायबर बॉनेटमध्ये हा भाग मुळातच नाजूक असू शकतो. दरवाजाचे कब्जे, आसन किंवा पट्टा अडकवण्याची जागा, बसच्या पायऱ्या, हे सारे अनुभवी कारागिराकडेच न्यावे. काही गाड्यांत फायबरची बॉडी हाच सांगाडा असतो. १९५७ मध्ये सादर झालेली ब्रिटनची लोटस एलिट त्याचे गाजलेले उदाहरण. तिथे तडा म्हणजे सांगाड्यालाच तडा.

आणि हेल्मेट. अनेक हेल्मेटचे कवच फायबरचे असते. मॅट-रेझिन हाताशी आले की घरातले तडा गेलेले हेल्मेटही ‘करून टाकावे’ असे वाटू शकते. हेल्मेटचे कवच आणि आतला थर एकदाच आघात झेलण्यासाठी बनवलेले असतात. बाहेरून कितीही पक्के ठिगळ दिले, तरी आतला चेपलेला थर परत फुगत नाही. ते टाकूनच द्यावे लागते.

विमा आणि आरटीओचे काय?

मोटार विम्यात भाग कशाचा आहे, यावर पैसे ठरतात. नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत भाग बदलताना प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के. सर्वेक्षकाने फायबरचे छत ‘प्लास्टिक’ म्हणून नोंदवले, तर मालकाचे नुकसान होते. म्हणून मागची तंतूंची बाजू दाखवून नोंद दुरुस्त करून घ्यावी. घसारामुक्त जोड-विमा असेल, तर हा प्रश्न बहुधा येत नाही.

मूळ पॅनेल मूळ आकारात दुरुस्त करणे हा गाडीतील फेरबदल नाही. मात्र गाडीला मुळात नसलेले फायबरचे छत बसवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येऊ शकते. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले होते. असे छत असलेल्या जीपच्या मालकाने दाव्याआधी नोंदणीपुस्तक तपासावे. आणि दावा करायचा असेल, तर सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत ग्राइंडर हातात घेऊ नये. घासलेल्या पॅनेलवर अपघात कुठे झाला होता, हे नंतर दाखवता येत नाही.